दांडा फिरवला की धारवाड

ताम्हिणी घाट लागायच्या जरा अलीकडे शेजारच्या बाईंना राहवेना. म्हणाल्या, "कसलं यंत्र हो हे? शेवयांचं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्या मांडीवर लाल रंगाचा, विटेएवढा डबा होता, त्याच्या बाजूला दुमडता येणारा दांडा होता आणि तो दांडा मी पौडपासून गरगर फिरवत होते. पुढच्या दोन सीटांवरची माणसंही वळून बघून घेत होती.

"रेडिओ आहे," मी म्हटलं.

"मग सेल संपले असतील."

"सेल नाहीतच यात. हाताने फिरवायचा."

बाईंनी आपली पिशवी हळूच दुसऱ्या बाजूला घेतली. साठीची बाई भर जुलैत एकटी कोकणात निघालेली, आणि मांडीवर दळण घेऊन बसलेली. मीही जागा बदलली असती.

२०२२ सालची ही गोष्ट. पुणे, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, तिथून हरिहरेश्वरावरून सावित्रीची खाडी ओलांडून वेळास, असा बेत होता. कोकण पावसाळ्यातच बघावं, असं माझं मत आहे. आंबे आणि कासवं बघायला सगळेच जातात. पावसाळ्यात गर्दी नसते, खोली मिळते, माणसं बोलायला मोकळी असतात. फक्त लाइटचा भरवसा नसतो. म्हणून हा डबा.

याच्या आधीचे दोन डबे मी वाया घालवले आहेत. पहिला भाच्याने ह्यूस्टनहून आणला. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात बर्फ पडून लाखो घरांची वीज गेली, त्यात हे लोक कोट घालून घरात बसले होते. त्यानंतर तिकडे त्याने स्वतःसाठी एक दांड्याचा रेडिओ घेतला आणि एक मला. "मावशी, तू एकटी राहतेस, एकटी हिंडतेस," वगैरे. सेट देखणा, आकडे चमकणारे. त्यावर हवामानाचं एक खास बटण होतं. अमेरिकेत सरकारी हवामान खातं १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास दिवसरात्र फक्त हवामान सांगत असतं, ते या बटणावर लागतं. पुण्यात त्यावर खरखर लागायची, तीही एकसुरी. त्याहून मोठी अडचण मध्यम लहरींची. अमेरिकेत मध्यम लहरींवरची स्टेशनं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, आपल्याकडे नऊ-नऊच्या. भाच्याचा रेडिओ बटणागणिक दहाची उडी मारायचा. आपलं पुणे केंद्र ७९२ वर. हा ७९० वर थांबायचा नाहीतर थेट ८०० वर जायचा. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर; हा ५६० वर. दार सोडून दोन पावलं पुढे जाऊन उभा राहणाऱ्या पाहुण्यासारखा. काही सेटना ही उडी बदलायची सोय असते. याला नव्हती.

दुसरा इथेच मागवला. तिसऱ्या महिन्यात दांडा हातात आला.

तिसरा घेताना शहाणी झाले. आकडे नकोत, काटा हवा. काट्याला नऊ-दहा काही कळत नाही, तो जिथे आवाज येतो तिथे थांबतो. दांडा धातूचा हवा आणि त्याचा सांधा हलता कामा नये. दुकानात मी दोन मिनिटं तो फिरवूनच पाहिला. विक्रेता शेवटी म्हणाला, "काकू, मोडेल." मी म्हटलं, मोडणार असेल तर इथेच मोडू दे.

दांड्यांशी माझं नातं जुनं आहे. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. १९८३ साली लागले तेव्हा तालुक्याच्या गावातल्या लहान एक्स्चेंजमध्ये अजून मॅग्नेटो बोर्ड होते. गिऱ्हाइकाने आपल्या फोनचा दांडा फिरवला की आमच्या बोर्डावर त्याच्या नंबरची इवलीशी झडप खाली पडायची, मग आम्ही "नंबर प्लीज" म्हणायचं. लोहचुंबकाजवळ तारेचं वेटोळं फिरवलं की वीज होते, हे मी पुस्तकाआधी त्या झडपेवरून शिकले. झडप कशी पडते त्यावरून माणूस ओळखता यायचा. डॉक्टर एकच झटका देत. सावकार थांबायचेच नाहीत.

या रेडिओतही तेच वेटोळं, तेच चुंबक. फक्त ती वीज आधी आतल्या छोट्या बॅटरीत साठते आणि मग रेडिओ वाजतो. सुरुवातीचे हातरेडिओ असे नव्हते. ट्रेव्हर बेलिस नावाच्या इंग्रज संशोधकाने १९९१ साली टीव्हीवर आफ्रिकेतल्या एड्सबद्दलचा कार्यक्रम पाहिला. माहिती पोचवायला रेडिओ हवा, पण गावांत वीज नाही आणि सेल परवडत नाहीत, अशी ती अडचण होती. त्याने ग्रामोफोनसारखी चावी द्यायची स्प्रिंग घेतली आणि ती उलगडताना छोटा डायनॅमो फिरेल अशी जुळणी केली. पुढे केपटाऊनला त्याचा कारखाना निघाला. एकदा चावी दिली की अर्धा तास वगैरे वाजायचा तो. माझ्या मते ती स्प्रिंगची कल्पनाच सरस होती. स्प्रिंग कपाटात वर्षभर पडली तरी तिचं काही बिघडत नाही. आतली बॅटरी मात्र न वापरता मरते, आणि नेमकी लाइट जाते तेव्हा ती मेली असल्याचं कळतं.

पौड मागे पडलं तसा पुण्याचा १०१ वरचा एफएम विरघळत गेला. एफएमच्या लहरी नाकासमोर चालतात, डोंगर आला की अडतात. मुळशीचं धरण भरत चाललेलं दिसत होतं. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांनी हे धरण बांधलं, जमिनी बुडत होत्या म्हणून सेनापती बापटांनी १९२१ साली इथेच सत्याग्रह केला. शंभर वर्षांपूर्वी वीज म्हणजे काय किमतीची वस्तू होती, हे त्या पाण्याकडे बघून कळतं. घाटात मात्र काहीच दिसलं नाही. ढग काचेला चिकटलेले आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून. मी काटा मध्यम लहरींवर आणला, सेट खिडकीशी धरला. भातलावणीबद्दल कुणीतरी सावकाश समजावून सांगत होतं. शेजारच्या बाई ऐकू लागल्या. निजामपूरला उतरताना म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांचा होता असा. त्याला कातड्याचा सदरा होता."

श्रीवर्धनला एक रात्र. बाळाजी विश्वनाथांचं हे गाव आता सुपारीसाठी ओळखलं जातं, पण त्या वर्षी वाड्यांमधून चालताना आभाळ फारच दिसत होतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दुपारी याच किनारपट्टीवर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटर. माड तरी थोडेफार वाकून राहिले. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं. दोन वर्षांनंतरही जिथे गर्द सावली असायला हवी तिथे कमरेएवढी रोपं होती, आणि ऊन असतं तर ते थेट जमिनीवर पडलं असतं.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याच्या धक्क्यावर आले. पलीकडे वेसवी, मधे सावित्री, मातकट आणि फुगलेली. गाड्या आणि माणसं घेऊन जाणाऱ्या फेरीबोटीला इकडे जंगलजेटी म्हणतात. एक फेरी वाऱ्यामुळे थांबली होती, म्हणून धक्क्यावर तासभर बसावं लागलं. तिथे एक म्हातारे तांडेल भेटले. बाणकोटचे. जून-जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे वेळच वेळ. त्यांनी सेट हातात घेतला, दोन गुडघ्यांत पकडला आणि दांडा फिरवू लागले. मला हसू आलं, कारण दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांसाठी जो हाताने फिरवायचा ट्रान्समीटर होता, तो नेमका असा गुडघ्यांत धरता यावा म्हणून मधे आवळलेला बनवला होता. त्या आकारामुळे सैनिक त्याला 'गिब्सन गर्ल' म्हणायचे. रबरी होडीत बसून दांडा फिरवला की तो आपोआप एसओएस पाठवत राहायचा. हे मी तांडेलांना सांगितलं नाही.

"रत्नागिरी लागते काय?" त्यांनी विचारलं. दुपारची वेळ, नाही लागली. "आमच्या वक्ताला संध्याकाळी रत्नागिरी लावल्याशिवाय कोण होडी काढत नव्हतं. वारा कसा, लाटा किती, सगळं सांगायचे. मग बंदरावर बावटा बघायचा." तीन नंबरचा बावटा चढला की जायचं नाही. आता? त्यांनी खिशातला मोबाइल दाखवला. "पोरं ह्यात बघतात. पण वारा आला की पहिला हाच मरतो."

हे वाक्य मला दुसऱ्याच दिवशी आठवायचं होतं.

वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. आता फेब्रुवारी ते एप्रिल कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ती बघायला माणसं येतात, आणि गावात घरोघरी उतरायची सोय झाली आहे. जुलैत मी एकटीच पाहुणी. घरमालकांना सगळा गाव अण्णा म्हणतो, सत्तरीचे असतील. वहिनी त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. सातवीतली नात शाळेसाठी त्यांच्याकडेच राहत होती. पहिल्या दिवशी कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी आणि टाकळ्याची भाजी जेवून मी ओटीवर रेडिओ लावला. मुंबई लागलीच नाही. म्हणजे लागली, पण तिच्यावर भुंग्यासारखा आवाज बसलेला, गूंऽऽ. सेट उचलून घरभर फिरले. फ्रिजजवळ भुंगा मोठा, टीव्हीजवळ त्याहून मोठा, एलईडी दिव्याखाली आणि मोबाइलच्या चार्जरजवळ तर शब्दच ऐकू येईना. मागच्या वाडीत, पोफळीखाली गेले तेव्हा आवाज निवळला. अण्णा दारातून बघत होते. "ताई, आमच्या घरात काय बाधा आहे काय?"

बाधाच म्हणायची. नवे दिवे, चार्जर, इन्व्हर्टर या सगळ्यांच्या पोटात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते, आणि त्या उघडझापीचा कचरा नेमका मध्यम लहरींवर पडतो. एफएमला तो फारसा बाधत नाही, पण एफएम त्या डोंगराआडच्या वाडीत पोचत नव्हतं. शहरातल्या लोकांना वाटतं मध्यम लहरींचा आवाजच खराब. आवाज आपल्या घराचा असतो.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला वारा उठला. समुद्राचा आवाज आदल्या दिवशी मागे कुठेतरी होता, तो अंगणात आला. वहिनींनी देवापाशी दिवा लावला आणि त्याच सुमाराला लाइट गेली. दूर कुठेतरी काहीतरी कडकडून मोडलं. "डीपीवर फांदी," अण्णा न हलता म्हणाले. इन्व्हर्टर दोन तास चालला, मग टीं-टीं करून आटोपला. नऊच्या सुमाराला मोबाइलची रेंज गेली. टॉवरचीही बॅटरी असते, तीही संपते.

मी दांडा उघडला. सेकंदाला दोन फेरे, त्याहून जोरात नाही. जोर केला तर सांधा सैल होतो. खोक्यावर लिहिलेलं असतं की एक मिनिट फिरवा आणि वीस मिनिटं ऐका. खोक्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या सेटवर एका मिनिटाला सहा-सात मिनिटं मिळतात, तीही आवाज बेताचा ठेवला तर. काटा ५५८ च्या आसपास नेला आणि आम्ही चौघंही एकदम गप्प झालो.

भुंगा नव्हता. अजिबात नव्हता. पंचक्रोशीतले सगळे दिवे, फ्रिज, चार्जर मेले होते, आणि त्यांच्याबरोबर त्यांची गूंगूंही. निवेदिका शेजारच्या खोलीत बसून बोलत असल्यासारखी, श्वासासकट. बातम्या झाल्या. कोकणात पावसाचा जोर राहील, समुद्र खवळलेला असेल, इतकंच काय ते आमच्यापुरतं. पण अण्णा टाचा उचलून बसावं तसे पुढे सरकून बसले होते. "इतकं साफ मी पंचवीस वर्षांत ऐकलेलं नाही," ते म्हणाले.

मग ते निसर्गबद्दल बोलले. मी विचारलं नव्हतं. छप्पर गेलं तेही त्यांनी आधी सांगितलं नाही. कळत नव्हतं हे आधी सांगितलं. "दुपारी मोबाइल गेला. वारा संध्याकाळी पडला. संपलं की परत येणार, कोण सांगणार? मुलगा मुंबईत, कोरोना चाललेला. तो तिकडे काय, आम्ही इकडे काय. चार दिवसांनी एक पोरगा मंडणगडहून चालत आला, त्याने सांगितलं की मुंबई वाचली." लाइट यायला महिना उलटला. घरात जुना ट्रान्झिस्टर होता. त्याला सेल लागत. "दुकानात पहिल्या दिवशी मेणबत्त्या संपल्या, दुसऱ्या दिवशी सेल." वहिनी म्हणाल्या, "आणि तिसऱ्या दिवशी दुकानदारच बोरिवलीला."

रात्री दहानंतर नातीने काट्याचा ताबा घेतला. दिवसा सूर्यामुळे वातावरणाचा वरचा एक थर मध्यम लहरी गिळून टाकतो. अंधार पडला की तो थर विरतो आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. मी हे सांगत होते तोवर तिला ७६५ जवळ कन्नड सापडलं. धारवाड. कुणीतरी खड्या आवाजात भजन म्हणत होतं. आम्हाला कुणालाच कन्नड येत नाही. सेट जरा आडवा-तिडवा फिरवला की आवाज वाढतो-कमी होतो, कारण आतली फेराइटची कांडी एका दिशेने जास्त ऐकते. तिने हे स्वतः शोधून काढलं आणि सेट कुठल्या कोनात ठेवायचा त्याची ओटीवर खडूने रेघ मारली. वहिनी म्हणाल्या, "राहू दे धारवाडच. बरं गातोय."

सकाळी ती मोबाइल घेऊन आली. डब्याला मागे चार्जिंगची भोकं असतात, त्यांची जाहिरातही मोठी असते. नऊ टक्के होते. आम्ही आळीपाळीने, हात बदलत, चाळीस मिनिटं दांडा फिरवला. बारा टक्के झाले. कागदावर हिशेब करून दाखवला: फोनची बॅटरी साधारण सोळा वॉट-तास, आपला हात या एवढ्याशा डायनॅमोतून दोनेक वॉट देणार, त्यातलंही वाटेत सांडणार. म्हणजे दिवसरात्र फिरवत बसलं तर एक फोन भरेल. आणि रेंज शून्यच होती. डब्याच्या माथ्यावर बिस्किटाएवढी सौर पट्टीही आहे. कोकणात जुलैमध्ये ती शोभेला.

त्या सकाळी पुळणीवर गेले. मैलभर कुणी नाही, सुरूच्या फांद्या पडलेल्या, पाणी गढूळ. बाणकोटचा किल्ला ढगात गेलेला. इंग्रजांनी तो घेतल्यावर त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं, पण ते नाव इकडे कुणी घेत नाही. परत आले तर ओटीवर अकरा माणसं. रेडिओ साफ लागतो ही बातमी फिरली होती. एक आजी देवाच्या गाण्यांसाठी, दोघे बातम्यांसाठी, बाकीचे दांडा फिरवायला. पोरांनी नंबर लावले होते. मी मुकाट्याने चहा घेतला. माझा रेडिओ मला तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत मिळाला नाही.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास वायरमन आला. फांदी तोडली, फ्यूज टाकला, भिजलेल्या अंगानेच चहा पिऊन पुढच्या वाडीला गेला. लाइट आली. मुलांनी आरडाओरडा केला, फ्रिज थरथरला, सगळे चार्जर एकदम लागले. सेटवर कुणीतरी शेतीविषयी बोलत होतं, त्याच्यावर गूंऽऽ येऊन बसलं. नातीने तो बंद केला, नीट दांडा दुमडला आणि माझ्याकडे आणून दिला.

निघताना अण्णांनी पाकीट पुढे केलं. राहण्या-जेवणाचे पैसे मी दिले होते, हे उलट. "असाच पाठवा. काट्याचा. आकड्यांचा नको." मी म्हटलं हाच ठेवा. त्यांनी हात मागे घेतला. "वापरलेला नको ताई. दांड्याची गॅरंटी कोण देणार?"

पुढे २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल भरदुपारी अंधारात गेले आणि तिकडची माणसं ट्रान्झिस्टर शोधत दुकानांतून हिंडली, ते वाचताना मला अण्णांचं ते पाकीट आठवलं. स्वीडनच्या सरकारने तर २०१८ मध्येच घरोघर पुस्तिका पाठवून सांगितलं होतं की सेलचा, सौर किंवा दांड्याचा रेडिओ जवळ ठेवा. अण्णांना पुस्तिका लागली नाही.

तुम्ही घेणार असाल तर एवढं करा. काट्याचा घ्या, मध्यम लहरी असलेला घ्या, आणि दर दोन-तीन महिन्यांनी पाच मिनिटं दांडा फिरवा, म्हणजे आतली बॅटरी जिवंत राहील. आणि एकदा घरातला मेन स्विच बंद करून ऐका.

अण्णांना मी त्या पावसाळ्यातच, ऑगस्टमध्ये, सेट पाठवला. पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन आला. "पोचला. चांगला आहे. पण यांच्या कानाला आवाज कमी पडतो, आणि फिरवतानाची घरघर पार विहिरीपर्यंत ऐकू येते. परवा लाइट गेली होती, तेव्हा धारवाड लागलं."